ग्लो ड्रिप, साडेतीन हजार रुपये आणि बुचात खोचलेली सुई

मी ३१ वर्षं स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, सगळी सोलापुरातच. आता घरी असते. कुठल्या दुकानाबद्दल, सेवेबद्दल असं लिहायची ही माझी पहिलीच वेळ, आणि लिहितेय ते बहिणीच्या मुलीमुळे. तिचं नाव लिहीत नाही, तिनं जिथं रंग उजळायची ड्रिप घेतली त्या सेंटरचंही लिहीत नाही. सेंटरची तक्रार मी महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी दिली आहे, पोच माझ्याजवळ आहे. त्या खोलीत मी काय पाहिलं, तेवढं इथं सांगायचंय.

भाचीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. मैत्रिणीनं तिच्या डोक्यात घातलं की आता आपल्या गावातही ग्लुटाथिओन नावाच्या औषधाची शिरेतून द्यायची ड्रिप मिळते, चेहरा उजळतो. 'ब्रायडल ग्लो' पॅकेज, सहा ड्रिप, १८,००० रुपये. सुटी एक घेतली तर ३,५००. पोरीनं आईला सांगितलं फेशियलला चाललेय, आणि एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी दुपारी जाऊन पहिली ड्रिप घेऊन आली.

संध्याकाळी सातला ती माझ्या दारात. पारा ४२ च्या पुढं गेलेला, पंखा नुसता गरम वारा फेकत होता, आणि ही म्हणतेय, "मावशी, लई थंडी वाजायलीय गं." कपाटातली जाड सोलापुरी चादर काढून दिली. ती दुहेरी गुंडाळूनही दात वाजायचे थांबेनात. ओठ निळसर, नाडी १२८, अर्ध्या तासात ताप १०३. वॉर्डात आम्ही याला रायगर म्हणायचो. सलाईन चालू असताना किंवा उतरल्यावर तासा-दोन तासांत पेशंट असा हुडहुडला, की नर्सची नजर आधी बाटलीकडे जाते. मी तिचे हात चादरीतून बाहेर काढले. डाव्या मनगटावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. "हे काय आहे?" म्हटल्यावर तिनं सांगितलं.

रात्रीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तात जंतू वाढतात का ते बघायला कल्चर पाठवून अँटिबायोटिक सुरू केलं, दोन रात्री ठेवून घेतलं. बुधवारी ताप उतरला, पण मनगटापासून वर चार बोटं शीर दोरीसारखी कडक आणि लाल झाली होती, ती पुढं दहा दिवस दुखत राहिली. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. बहीण म्हणाली, "म्हणजे काही नव्हतं ना?" तसं नसतं. जंतू मेले तरी त्यांच्या कवचातलं विष, एन्डोटॉक्सिन, औषधात तसंच राहतं, आणि ते उकळूनही जात नाही. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ग्लुटाथिओनच्याच इंजेक्शनांबद्दल इशारा दिला होता. खाण्याच्या पूरक आहारासाठी बनवलेली पावडर इंजेक्शनांसाठी वापरली गेली, तिच्यात एन्डोटॉक्सिन निघालं, सात जणांना थंडी, मळमळ, अंगदुखी असा त्रास झाला. पोटात गेलेल्या वस्तूला आम्ल भेटतं, आतडं भेटतं, यकृत भेटतं. शिरेत गेलेल्या वस्तूला कोणी अडवायला नसतं, ती सरळ काळजात पोचते. म्हणून तर शिरेत जाणारा थेंब न् थेंब निर्जंतुक असावा लागतो.

शनिवारी मी भाचीला घेऊन सेंटरवर गेले. दुसरी ड्रिप घ्यायला नाही, पहिल्या ड्रिपचा बॅच नंबर मागायला.

जागेबद्दल आधी सांगते. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, आत एसीचा गारवा. फरशी चकचकीत, भिंतीवर रोपं, पाय पसरून बसायच्या चार खुर्च्या, मंद गाणी. रिसेप्शनवरची मुलगी नम्र होती, पाणी विचारलं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटावं की एवढी स्वच्छता मोठ्या दवाखान्यातही नसते. भाचीलाही तेच वाटलं होतं, आणि तिची चूक नाही. डोळ्याला दिसते ती फरशी. जंतू असतात बुचावर, बोटावर, सिरिंजच्या आतल्या बाजूला. सलाईनच्या एका थेंबात हजारो जंतू असले तरी बाटली नितळच दिसते. गढूळपणा दिसायला लागतो तोवर मिलीलिटरमागे आकडा दहा लाखांच्या पुढं गेलेला असतो.

आम्ही बसलो होतो तिथून तिसऱ्या खुर्चीवर एक बाई होत्या, चाळिशीच्या असतील. त्यांना ड्रिप लावायला आलेली मुलगी वीस-एकवीसची, गुलाबी स्क्रबमध्ये. तिच्या ट्रॉलीवर मोबाईल, अर्धा प्यालेला चहाचा कप, कापसाचा डबा आणि व्हिटॅमिनची एक तपकिरी व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली. त्या व्हायलच्या रबरी बुचात १८ नंबरची गुलाबी सुई उभी खोचून ठेवलेली. तिचं मागचं तोंड उघडं, छताकडे. व्हायल कधी उघडली त्याची तारीख लेबलावर नाही. आत चतुर्थांश औषध उरलेलं.

ज्यांनी वॉर्डात काम केलंय त्यांना यापुढं काही सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. बूच हे औषधाचं दार असतं. दर वेळी स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं, नव्या सिरिंजच्या नव्या सुईनं औषध काढायचं आणि सुई बाहेर. सुई आतच ठेवली तर दार रात्रंदिवस सताड उघडं. वारा, धूळ, बोलताना उडणारी थुंकी, सगळ्याला वाट. एकदाच वापरायची व्हायल असेल तर उरलेलं औषध टाकून द्यायचं असतं. अनेकदा वापरायची असेल तरी उघडल्याची तारीख लिहून जास्तीत जास्त २८ दिवस.

मुलीनं हातमोजे घातले, आणि उजव्या मोज्याचं तर्जनीचं टोक दातानं फाडलं. शीर नीट लागावी म्हणून. ही सवय मी चांगल्या चांगल्या नर्सेसमध्ये पाहिली आहे आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकीची मोडलीय. मग तिनं बाईंचा हात स्पिरिटनं पुसला आणि पुसलेल्या जागेवर तेच उघडं बोट परत दाबून शीर चाचपली. पुसलेलं वाया गेलं. तिथूनच सुई आत घातली. शीर मिळाली की नाही बघायला दहा मिलीची सिरिंज जोडून मागं ओढली, रक्ताची लाल रेघ सिरिंजमध्ये आली, परत आत ढकलली. सिरिंज काढली. आणि तीच सिरिंज घेऊन तिचा हात व्हायलमध्ये खोचलेल्या सुईकडे निघाला.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. "थांब बाळ," म्हणाले आणि तिचं मनगट धरलं. ती घाबरली. खुर्चीवरच्या बाईही घाबरल्या.

सेंटरचे सर, ज्यांचं काम फोनवरच चालतं, ते दहा मिनिटांत आले. त्यांचं पहिलं वाक्य, "आंटी, आमच्याकडे नीडल प्रत्येकाला नवीन असते." मी हे वाक्य आयुष्यात खूप वेळा ऐकलंय. सुई नवीन असते, खरंय. पण मागं ओढलेलं रक्त सिरिंजमध्ये येतं. डोळ्याला रेघ दिसली नाही तरी येतं. ती सिरिंज व्हायलला जोडली की रक्ताचा अंश औषधात उतरतो, आणि त्यानंतर त्या व्हायलमधून ज्यांना ज्यांना मिळेल त्या सगळ्यांच्या शिरेत पहिल्या बाईचं रक्त जातं, प्रत्येकीला कोरी करकरीत सुई वापरूनसुद्धा. हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू तर शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो.

नर्सिंगमध्ये एक हिशोब पाठ करून घेतात: ३०, ३, ०.३. दूषित सुई टोचली तर हेपॅटायटिस बीची शक्यता शंभरात तीसपर्यंत, सीची तीनच्या आसपास, एचआयव्हीची हजारात तीन. १९९९ साली रात्रपाळीत मला अशी सुई टोचली होती. पेशंट हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, माझे लसीचे दोनच डोस झालेले. पुढचे सहा महिने मी पोराला माझ्या ताटात जेवू दिलं नाही. तसं काही करायची गरज नसते हे मला माहीत होतं, तरी दिलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आले. पण ते सहा महिने कसे गेले हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या सरांच्या 'नवीन नीडल'वर माझा आवाज चढला.

सरांना मी मोडासा सांगितलं. गुजरातमधलं गाव, २००९, वापरलेल्या सिरिंजमधून हेपॅटायटिस बी पसरला आणि कितीतरी माणसं दगावली. उत्तर प्रदेशातलं बांगरमऊ सांगितलं, २०१८, चाळीसहून जास्त लोकांना एचआयव्ही. ते म्हणाले, "ते खेड्यातले बोगस डॉक्टर, आपलं प्रीमियम सेंटर आहे." त्याच २०१८ सालात अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका स्पामधून चेहऱ्याच्या उपचारासाठी गेलेल्या बायकांना एचआयव्ही झाला. स्वतःचंच रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात सोडायचा उपचार. तपासणीला गेलेल्यांना स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाण्याच्या जिनसांशेजारी इंजेक्शनं सापडली, रक्ताच्या नळ्यांवर नाव नाही, उघड्या सिरिंज ड्रॉवरमध्ये. तो स्पाही विनापरवाना होता. २०२४ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं हे प्रसिद्ध केलं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बाईचं प्रकरण आलं होतं: घरी व्हिटॅमिनची ड्रिप लावून घेतली आणि सेप्टिक शॉकनं एकाहून जास्त अवयव निकामी व्हायची वेळ आली. तिच्या रक्तात स्यूडोमोनास निघाला. हा जंतू ओलसर जागेत राहतो. बेसिनमध्ये, नळाच्या तोंडाशी, ओल्या फडक्यात.

मग मी परवाना विचारला. भिंतीवर फ्रेम होती, कॉस्मेटॉलॉजीच्या कोर्सची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. "डॉक्टर ऑनलाइन असतात," म्हणाले. कोण डॉक्टर, नाव नाही. ॲड्रिनॅलिन कुठंय विचारलं, कारण शिरेतून काहीही देताना रिॲक्शन आली तर पहिल्या मिनिटाला तेच लागतं. मुलगी सरांकडे बघायला लागली, सर मुलीकडे. ऑक्सिजन नाही. भाचीचं बीपीसुद्धा घेतलं नव्हतं, दमा आहे का, किडनीचा त्रास आहे का, काही विचारलं नव्हतं. इंग्रजी छापील कागदावर सही घेतली होती फक्त. वापरलेल्या सुया टाकायला न भोसकला जाणारा पांढरा डबा हवा, नळ्या-सिरिंजला लाल पिशवी, काचेच्या बाटल्यांना निळा डबा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात हे स्पष्ट आहे. तिथं सगळं एकाच पायडलच्या डस्टबिनमध्ये, टिश्यू पेपरांसोबत. तो डस्टबिन उचलणाऱ्या सफाई कामगार बाईचा हात माझ्या डोळ्यासमोर आला.

बॅच नंबर मिळाला नाही. बिलावर लिहिलंय 'ब्युटी सर्व्हिस'. औषधाचं नाव नाही, कंपनी नाही, देणाऱ्याचं नाव नाही. पाच उरलेल्या ड्रिपचे १४,५०० रुपये अर्ध्या तासाच्या वादानंतर परत मिळाले. एक बोलायलाच हवं, पैसे देताना ते उद्धटपणे बोलले नाहीत.

औषधाबद्दलही सांगते, कारण मुली विचारतात की मग चांगल्या ठिकाणी घ्यायची का. गोरेपणासाठी ग्लुटाथिओन शिरेतून द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही. फिलिपाइन्समध्ये याचं वेड फार, आणि तिथल्याच औषध प्रशासनानं २०११ मध्ये इशारा दिला होता की हे इंजेक्शन कर्करोगाच्या केमोथेरपीत जोडीला द्यायला मान्य आहे, रंग उजळायला नाही. त्वचेच्या जीवघेण्या रिॲक्शनची, किडनी आणि थायरॉइडच्या त्रासाची भीती त्यांनी तेव्हाच सांगितली होती.

आणि बाकीची ती पिवळी पिशवी म्हणजे काय? सलाईनमध्ये मल्टिव्हिटॅमिन. आपल्याकडे सलाईनवर लोकांची श्रद्धा जुनी आहे. बिड्या वळून पाठीचा काटा ढिला झालेल्या बायका ओपीडीत यायच्या, म्हणायच्या, "सिस्टर, एक बाटली लावा ओ, अंगात ताकदच नाही." अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. जिला उलटी थांबत नाही, जिचं पोट चालत नाही, तिचा जीव त्यानं वाचतो, मी हजारदा वाचलेला पाहिलाय. चालत्या-बोलत्या माणसाला तेच भाकरीतून, शेंगाचटणीतून, ताकातून मिळतं. त्या बायकांना मी बाटली लावत नसे, रक्त तपासायला पाठवत असे. हिमोग्लोबिन सहा-सात निघायचं.

भाचीला सोमवारी सिव्हिलला नेलं. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि तो वेळ तिच्या तापातच निघून गेला होता. तिचा जन्म २००० चा. हेपॅटायटिस बीची लस देशभरच्या नियमित लसीकरणात आली ती २०११ मध्ये, त्यामुळे तिला लहानपणी मिळालेली नव्हती. पहिला डोस दिला, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. पहिल्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, पण त्या आज धरल्या जात नाहीत. दीड महिन्यानं परत, तीन महिन्यांनी परत, हेपॅटायटिस सीसाठी सहा महिन्यांनी आणखी एकदा. जावईबापूंना तिनं स्वतः सगळं सांगितलं. लग्न ठरल्या तारखेला झालं. हळदीच्या दिवशी मनगटावरची ती कडक शीर लपवायला तिनं हिरव्या बांगड्या वरपर्यंत भरल्या होत्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. लग्नानंतर चार दिवसांनी मला एक फोन आला. ती गुलाबी स्क्रबमधली मुलगी. नोकरी सोडली म्हणाली. कोर्समध्ये दोन दिवस रबरी हातावर सुई टोचायला शिकवलं, बूच पुसायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, हे बोलताना रडत होती. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या ताईंना ज्या बाटलीतून दिलं, त्याच बाटलीतून त्या सोमवारी अजून चौघींना दिलं होतं. सिरिंज मी तश्शीच जोडत होते. त्यांना कसं सांगू? सरांनी रजिस्टर काढून घेतलंय." मी तिला म्हटलं, तुला जे आठवतंय ते तारखेसह कागदावर लिही आणि माझ्याकडे घेऊन ये. ती दुसऱ्या दिवशी आली. तो कागद मी तक्रारीला जोडलाय.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान तुम्ही सोलापुरात अशा खुर्चीवर बसला होतात, मनगटात पिवळी ड्रिप घेतलीत, तर सिव्हिलमध्ये आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा. एचआयव्हीची तपासणी तिथं मोफत होते, नाव गुप्त ठेवतात. हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या कार्यक्रमातून मोफत आहेत, आणि सी निघालाच तर बहुतेकांना तो १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ताप आला नव्हता, थंडी वाजली नव्हती म्हणून थांबू नका. या तिन्ही रोगांत सुरुवातीला अनेकांना काहीच जाणवत नाही. घरी सांगायचं नसेल तर सांगू नका. एकटं जायला भीती वाटत असेल तर मी सोबत येते.